सर्व्हर बदलला आणि जुने मराठी लेख विचित्र अक्षरांत दिसू लागले – मदत हवी

टिपकागद (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

एका जुन्या मराठी लेखसंग्रहाचं संकेतस्थळ मी सांभाळतो. लेख, त्यांखालचे वाचकांचे प्रतिसाद आणि काही साधी एचटीएमएल पानं असा पसारा आहे. जुना सर्व्हर बंद होणार होता म्हणून होस्टिंगवाल्यांनीच सगळं नव्या सर्व्हरवर हलवून दिलं. मायएसक्यूएल ५.५ होतं, ते आता ८.० झालं. पीएचपी ५.४ जाऊन ८ आलं. लेखनप्रणालीची नवी आवृत्ती बसवली, मुखपृष्ठाचा साचा मात्र जुनाच ठेवला. अपाची तेव्हाही होतं, आताही आहे.

आता अवस्था अशी:

जुन्या लेखांत मराठी अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेलं लॅटिन ए, मग चलनाचं गोल चिन्ह किंवा येनचं चिन्ह, मग तिसरंच काहीतरी, असं पानभर दिसतं. नवे लेख मात्र स्वच्छ दिसतात. जुने प्रतिसाद जुन्या लेखांसारखेच बिघडलेत, पण नव्या प्रतिसादांत नुसती प्रश्नचिन्हं आहेत. मुखपृष्ठावर लेखाचा छोटा उतारा येतो, त्याच्या शेवटी कधीकधी प्रश्नचिन्ह असलेला काळा चौकोन दिसतो. आणि साधी पानंही बिघडली आहेत, खरं तर त्या फायली संपादकात उघडल्या की मराठी नीट दिसतं आणि वर मेटा टॅगमध्ये यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) लिहिलेलं आहे.

नवे लेख नीट दिसतात म्हणजे सर्व्हर ठीक आहे, असं होस्टिंगवाल्यांचं म्हणणं. मग जुन्यांचं काय? यातले बरेच लेख दुसरीकडे कुठेही नाहीत, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

---

पानगळ

असंच एका मित्राच्या साइटला झालं होतं. सगळी टेबलं ऑल्टर टेबल, कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) करून टाका. एका ओळीचं काम आहे.

---

अनुस्वार

टिपकागद, कृपा करून ही आज्ञा आत्ता चालवू नका. पानगळ, तुमच्या मित्राचा डेटा लॅटिन१ मध्ये खरोखरच लॅटिन१ म्हणून साठवलेला असेल तर ती आज्ञा बरोबर होती. इथली लक्षणं वेगळी आहेत. ती आज्ञा साठवलेल्या अक्षरांचं रूपांतर करते आणि त्यासाठी कॉलमवरच्या पाटीवर, म्हणजे तिथे नोंदलेल्या कॅरेक्टर सेटवर, विश्वास ठेवते. पाटी लॅटिन१ ची आणि आत बाइट यूटीएफ-८ चे असतील, तर प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर समजून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये घातला जातो. मग तोच बिघाड डेटाबेसमध्ये कायमचा जाऊन बसतो.

तुम्ही सांगितलेल्या गोष्टींत किमान तीन वेगळे आजार दिसतात, आणि नुसत्या दिसण्यावरूनही ते बरेच ओळखू येतात.

पहिला, ए-चलन-काहीतरी अशी तिकडी. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं. पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५ (बाइट इथे सोळाच्या पायात, ० ते ९ आणि ए ते एफ वापरून लिहिलेत). हेच बाइट विंडोज-१२५२ (मायएसक्यूएल ज्याला लॅटिन१ म्हणतं तो तक्ता) म्हणून वाचले की ई० चा होतो तिरक्या रेघेचा ए, ए४ चं चलनचिन्ह आणि ए५ चं येन. म्हणजे बाइट शाबूत आहेत, वाचणारा चुकीच्या तक्त्यातून वाचतोय. यातून मजकूर परत मिळतो.

दुसरा, प्रश्नचिन्हं. इथे कोणीतरी अक्षराचं रूपांतर अशा संचात केलं जिथे ते अक्षरच नाही, आणि त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं. डेटाबेसमध्ये खरोखर ३एफ हा प्रश्नचिन्हाचा बाइट बसला असेल तर ते अक्षर गेलं. पण कधीकधी डेटा नीट असतो आणि बाहेर देताना प्रश्नचिन्ह होतं, म्हणून आत बघितल्याशिवाय निदान करू नये.

तिसरा, काळा चौकोन. ब्राउझर यूटीएफ-८ च वाचतोय, पण मध्ये अर्धवट बाइट आलेत. बहुतेक वेळा कुठेतरी मजकूर बाइट मोजून कापलेला असतो.

आता तीन गोष्टी करून इथे टाका. एक, कर्ल या आज्ञेने एका साध्या पानाचे नुसते हेडर मागवा आणि कंटेंट-टाइपची ओळ बघा. दोन, एक जुना लेख, एक नवा लेख, एक जुना प्रतिसाद आणि एक नवा प्रतिसाद, प्रत्येकाच्या सुरुवातीच्या काही अक्षरांवर हेक्स हे साठवलेले बाइट दाखवणारं फंक्शन चालवा. तीन, शो क्रिएट टेबलने दोन्ही टेबलांचे कॅरेक्टर सेट पाहा. ब्राउझरमध्ये किंवा पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये काय दिसतं त्यावर जाऊ नका. तिथे प्रत्येक थर आपापलं रूपांतर करतो आणि दोन थरांच्या चुका एकमेकींना झाकू शकतात. हेक्सचं उत्तर मात्र साधे आकडे आणि ए ते एफ, ते कुठल्याही थरातून जसंच्या तसं येतं.

आणि हे सगळं करण्याआधी डेटाबेसच्या मूळ फायलींची प्रत बाजूला काढून ठेवा.

---

टिपकागद (धागाकर्ता)

अनुस्वार, मनापासून आभार. सर्व्हर थांबवून डेटा फोल्डरची प्रत काढली. उत्तरं अशी:

साध्या पानाचा हेडर: टेक्स्ट/एचटीएमएल, कॅरसेट आयएसओ-८८५९-१.

लेखांचं टेबल यूटीएफ८एमबी४ आहे. 'मराठी' या शब्दाने सुरू होणारा जुना लेख घेतला, हेक्स येतं सी३ए० सी२ए४ सी२एई आणि पुढे तसंच. नवा लेख: ई०ए४एई, ई०ए४बी०...

प्रतिसादांचं टेबल लॅटिन१ आहे. जुना प्रतिसाद: ई०ए४ ने सुरू होतो. नवा प्रतिसाद: ३एफ३एफ३एफ.

जुने लेख आणि जुने प्रतिसाद पडद्यावर हुबेहूब सारखे बिघडलेले दिसतात, पण हेक्स वेगळं. हे कसं?

---

सरळरेघ

डेटाबेसचं अनुस्वार सांगतीलच. साध्या पानांचं मी सांगतो, ते सोपं आहे.

सर्व्हरने हेडरमध्ये कॅरसेट सांगितला की ब्राउझर मेटा टॅगकडे बघतच नाही. हेडरचा शब्द वरचा. तुमच्या नव्या अपाचीच्या मूळ मांडणीत अ‍ॅडडिफॉल्टकॅरसेट ही ओळ असणार. ती नुसती 'ऑन' असेल तरी आयएसओ-८८५९-१ च जातो. तुमच्या फोल्डरातल्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये अ‍ॅडडिफॉल्टकॅरसेट यूटीएफ-८ लिहा. ही सूचना फक्त साधा मजकूर आणि एचटीएमएल यांनाच लागू होते. सीएसएस किंवा जावास्क्रिप्टमध्ये मराठी असेल तर अ‍ॅडकॅरसेट वापरून त्या विस्तारांसाठी वेगळं सांगावं लागतं.

दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल म्हणून: एन्जिनएक्सवर हेच काम कॅरसेट या सूचनेने होतं आणि कोणत्या प्रकारांना लावायचं ते कॅरसेट_टाइप्समध्ये. पीएचपीने तयार केलेल्या पानांना ५.६ पासून डीफॉल्ट_कॅरसेट यूटीएफ-८ च असतो, म्हणून टिपकागदांचे नवे लेख नीट दिसले आणि साधी पानं बिघडली.

बदल केल्यावर ब्राउझरची साठवण (कॅश) पुसून मग बघा. मध्ये सीडीएन (पानांच्या प्रती ठेवून वाचकाला देणारी मधली सेवा) असेल तर तिथली साठवणही, कारण जुना हेडर तिथे जपून ठेवलेला असतो.

---

दीपमाळ

हेडर बदलायची परवानगी नसेल तर फाइलच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग सांगणारी न दिसणारी खूण) ठेवला तरी चालतं ना? ब्राउझर बीओएमला हेडरपेक्षाही वरचं मानतात असं वाचलंय.

---

सरळरेघ

मानतात, बरोबर. एचटीएमएलच्या प्रमाणात तसंच आहे. पण मी तो मार्ग सुचवणार नाही. ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट पीएचपी फाइलच्या डोक्यावर राहिले की ते पानाचा मजकूर म्हणून आधीच बाहेर पडतात आणि मग हेडर किंवा कुकी पाठवायला गेलात की 'हेडर आधीच गेले' अशी चूक येते. निव्वळ एचटीएमएल फायलींपुरतं चालेल, पण उद्या कोणीतरी त्याच फायली पीएचपीत समाविष्ट करतं आणि मग पानाच्या वर न दिसणारी मोकळी जागा शोधत बसावं लागतं. हेडरला हात लावता येत नसेल तर होस्टिंग बदलण्याचा विचार करा, इतकी ही मूलभूत सोय आहे.

---

अनुस्वार

टिपकागद, तुमच्या हेक्सवरून आता सगळा इतिहास स्पष्ट होतो.

जुन्या सर्व्हरवर टेबलं लॅटिन१ होती, कारण ८.० च्या आधी मायएसक्यूएलचा मूळ संच तोच होता. तुमची जुनी प्रणाली डेटाबेसला जोडताना कॅरसेट सांगत नव्हती, म्हणून जोडणीही लॅटिन१. दोन्ही बाजू लॅटिन१ म्हटल्यावर रूपांतराचा प्रश्नच नाही. यूटीएफ-८ चे बाइट जसे आत गेले तसेच बाहेर आले, आणि पानावर मराठी छान दिसत राहिलं. आत पाटी खोटी होती, पण वाचणाराही तीच खोटी पाटी वाचत होता.

नव्या सर्व्हरवर जोडणी यूटीएफ८एमबी४ झाली. हलवणाऱ्यांनी लेखांच्या टेबलावर तीच कन्व्हर्ट टू आज्ञा चालवलेली दिसते, म्हणून तिथे दुहेरी एन्कोडिंग बसलं: ई० चं झालं सी३ए०, ए४ चं सी२ए४. प्रतिसादांचं टेबल राहून गेलं. तिथे बाइट अजून मूळचेच आहेत, पण मायएसक्यूएल ते लॅटिन१ समजून वाचताना प्रामाणिकपणे यूटीएफ-८ करून देतं. म्हणून पडद्यावर दोन्ही सारखे. एकात बिघाड साठवलेला आहे, दुसऱ्यात तो वाचताना होतोय, आणि त्यामुळे दोघांवरचे उपाय वेगळे आहेत.

नवे प्रतिसाद: यूटीएफ-८ जोडणीतून लॅटिन१ कॉलममध्ये देवनागरी घालायला गेलं, जागा नाही, प्रश्नचिन्ह. स्ट्रिक्ट मोड चालू असता तर चूक १३६६ येऊन नोंद नाकारली गेली असती आणि तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असतं. तो मोड कोणीतरी बंद केलाय. तो चालू करा. प्रतिसाद देण्याची सोयही आत्ताच्या आत्ता थांबवा, कारण येणारा प्रत्येक प्रतिसाद नष्ट होतोय. बाकी सगळं उद्या केलं तरी चालेल, हे मात्र नाही.

प्रतिसादांच्या टेबलाचा उपाय: कॉलम आधी ब्लॉब करा, मग त्याच कॉलमला टेक्स्ट, यूटीएफ८एमबी४ करा. ब्लॉबला कॅरसेट नसतो, त्यामुळे बाइट न हलता फक्त पाटी बदलते. एकाच पायरीत थेट केलंत तर पुन्हा रूपांतर होईल. कॉलम व्हारकार असेल तर मधला टप्पा व्हारबायनरीचा ठेवा. त्या कॉलमवर पूर्णपाठ इंडेक्स असेल तर तो आधी काढून नंतर परत घाला.

लेखांचं जरा नाजूक आहे. जेवून येऊन लिहितो.

---

कोरापाटा

लेखांसाठी मी डंपचा, म्हणजे सगळा डेटा फाइलमध्ये उतरवून परत भरण्याचा, मार्ग घेतला असता. मायएसक्यूएलडंप काढताना डीफॉल्ट कॅरेक्टर सेट लॅटिन१ द्यायचा, म्हणजे एक थर उलटा सोलला जातो. मग डंपमधली सेट नेम्सची ओळ यूटीएफ८एमबी४ करायची आणि रिकाम्या डेटाबेसमध्ये भरायचं. मूळ डेटाबेसला हात लागत नाही, हा मोठा फायदा.

---

अनुस्वार

कोरापाटा, सगळ्या ओळी एकसारख्या बिघडलेल्या असत्या तर मीही तेच सांगितलं असतं, आणि मूळ डेटाला हात न लावण्याच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. पण इथे एकाच टेबलात दुहेरी जुने लेख आणि स्वच्छ नवे लेख शेजारी शेजारी आहेत. डंप लॅटिन१ मध्ये काढला की नव्या लेखांतल्या देवनागरीला लॅटिन१ मध्ये जागा नाही, ते सगळे प्रश्नचिन्ह होऊन बाहेर येतील. जुने वाचवताना नवे जातील. म्हणून ओळ तपासून दुरुस्त करावी लागेल.

दुरुस्तीचं सूत्र आतून बाहेर वाचा: मजकूर लॅटिन१ मध्ये कन्व्हर्ट, त्याचं बायनरीत कास्ट, आणि ते यूटीएफ८एमबी४ मध्ये कन्व्हर्ट. हे प्रतीवर चालवा, आणि आधी अपडेट नको, सिलेक्ट. निकाल डोळ्यांनी बघा.

कोणत्या ओळी घ्यायच्या? ज्यात सी३ए०सी२ए४ किंवा सी३ए०सी२ए५ आहे त्या. आणि त्यातूनही, ज्यात शुद्ध ई०ए४ किंवा ई०ए५ सुद्धा आहे त्या वगळायच्या. एखादा जुना लेख हलवल्यानंतर कोणी संपादित केला असेल, वर शुद्धिपत्राची ओळ घातली असेल, तर एकाच ओळीत दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. सूत्र चालवलं की नवी ओळ प्रश्नचिन्हांत जाईल. असे लेख हातानेच करावे लागतील.

शोध घेताना हेक्सच्या मजकुरावर लाइक लावू नका. हेक्समध्ये प्रत्येक बाइटचे दोन आकडे असतात आणि लाइकला बाइटची सीमा कळत नाही. टॅग बंद करणारं चिन्ह ३ई, पुढे नवी ओळ ०ए, पुढे लॅटिन मोठं ए म्हणजे ४१, हे सलग लिहिलं की ३ई०ए४१, आणि त्यात ई०ए४ फुकटचं सापडतं. एचटीएमएल लेखांत हे हमखास होतं. त्याऐवजी मजकूर बायनरीत कास्ट करून त्यात अनहेक्स केलेली खूण इनस्टरने शोधा. तो बाइटच्या सीमेवरच शोधतो.

शेवटचं: सूत्रातून अवैध यूटीएफ-८ निघालं तर उत्तर नल (रिकामं) येतं. अपडेटमध्ये 'नल नसेल तरच' ही अट विसरलात तर लेखाच्या जागी काहीच उरणार नाही.

---

पानगळ

हे वाचून बरंच कळलं. एक विचारतो: हेच मी पायथनमध्ये करायला गेलो, बिघडलेला मजकूर सीपी१२५२ मध्ये एन्कोड आणि यूटीएफ-८ मध्ये डीकोड. 'राम' सारखे शब्द बरोबर आले, पण जोडाक्षर आलं की चूक देऊन थांबतं. फक्त जोडाक्षरालाच का?

---

अनुस्वार

फार चांगला प्रश्न, आणि मराठीसाठी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा.

विंडोज-१२५२ च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९०, ९डी. आता देवनागरीचे तिसरे बाइट बघा. हलंताचा पाय मोडणारं चिन्ह ई०ए५८डी. ह्रस्व उकार ई०ए५८१. चंद्रबिंदू ई०ए४८१. 'ए' ई०ए४८एफ, 'ऐ' ई०ए४९०, 'झ' ई०ए४९डी. म्हणजे प्रत्येक जोडाक्षर, प्रत्येक ह्रस्व उकार आणि प्रत्येक झ त्या रिकाम्या जागांवर जाऊन पडतो. पायथनचा सीपी१२५२ काटेकोर आहे, तो तिथे थांबतो. ब्राउझर आणि मायएसक्यूएलचा लॅटिन१ त्या पाच जागा न दिसणाऱ्या नियंत्रणचिन्हांना देतात, म्हणून तिथे उलटं रूपांतर पूर्ण होतं. तुम्हाला पायथनमध्येच करायचं असेल तर त्या पाच चिन्हांसाठी स्वतःची जोडणी लिहावी लागेल. पायथनचं नुसतं लॅटिन-१ (ते विंडोज-१२५२ नव्हे) वापरूनही भागत नाही, कारण दीर्घ वेलांटीचा तिसरा बाइट ८० आहे आणि तो युरोचं चिन्ह होऊन बसलेला असतो.

याच कारणाने बिघडलेला मजकूर ब्राउझरमधून कॉपी करून 'सुधारून देतो' म्हणणाऱ्या ऑनलाइन साधनांत टाकू नका. न दिसणारी चिन्हं वाटेत गळतात. 'ठ' चा तिसरा बाइट ए० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा, आणि 'भ' चा एडी म्हणजे मऊ जोडरेघ. एखाद्या संपादकाने ए० ची साधी मोकळी जागा केली की 'मराठी' तला ठ संपला, आणि त्या ओळीवर सूत्र नल देणार.

---

टिपकागद (धागाकर्ता)

प्रतिसादांचं टेबल झालं! जुने सगळे प्रतिसाद जसेच्या तसे परत आले. साधी पानंही नीट दिसतायत. सरळरेघ, अनुस्वार, शब्द नाहीत.

लेखांवर प्रतीत सिलेक्ट चालवलं. बहुतेक सगळे स्वच्छ आले. मिश्र निघालेले थोडे आहेत, ते हाताने करीन. काहींवर नल आलं, त्या सगळ्या ओळी होस्टिंगवाल्यांनी हलवल्यानंतर दृश्य संपादकात उघडून जतन झालेल्या आहेत, म्हणजे ठ चा प्रकार.

उरले ते प्रश्नचिन्ह झालेले प्रतिसाद आणि काळे चौकोन. प्रतिसाद बायनरी लॉगमधून मिळतील का?

---

कोरापाटा

८.० मध्ये बायनरी लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) मुळातच चालू असतो, पण त्याचा प्रकार रो असतो. रो म्हणजे टेबलात जे बसलं तेच लॉगमध्ये, म्हणजे तिथेही ३एफ. स्टेटमेंट प्रकार असता तर मूळ आज्ञा मिळाली असती. सर्व्हरच्या प्रवेशनोंदीत (अ‍ॅक्सेस लॉगमध्ये) पाठवलेल्या प्रतिसादाचा मजकूर नसतोच.

पण तुमची प्रणाली नवा प्रतिसाद आला की मेल पाठवते का? मेल डेटाबेसमधून परत वाचून न बनवता आलेल्या मजकुरावरूनच बनवत असेल, तर त्यात मराठी शाबूत असेल.

नल आलेल्या लेखांसाठी हलवण्याआधीचा डंप होस्टिंगवाल्यांकडे मागा. आजच मागा, जुना सर्व्हर पुसला तर तोही जाईल.

---

सरळरेघ

काळे चौकोन: साच्यात उतारा सबस्टरने कापलेला असणार. सबस्टर बाइट मोजतो, त्यामुळे तीन बाइटच्या मध्ये कात्री लागते. हे जुन्या सर्व्हरवर दिसत नव्हतं, कारण तिथे पीएचपीच्या मांडणीत एमबीस्ट्रिंगचं फंक-ओव्हरलोड चालू असावं. ते सबस्टरला गुपचूप एमबी_सबस्टर बनवायचं. ७.२ मध्ये ते कालबाह्य ठरवलं आणि ८.० मध्ये काढूनच टाकलं.

एमबी_सबस्टर लावा, चौकोन जातील. पण मराठीसाठी त्यापुढे जाऊन इंटल विस्तारातला ग्राफीम_सबस्टर (तो काना-वेलांटीसकट अक्षर मोजतो) वापरा असं मी आग्रहाने सांगेन. एमबी_सबस्टर चिन्हं मोजतो, आणि काना, वेलांटी ही वेगळी चिन्हं आहेत. 'की' कापून 'क' उरला तर चौकोन दिसत नाही, पण शब्द चुकीचा होतो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

---

दीपमाळ

थोडं अवांतर, पण याच कुळातलं. 'कोऱ्या' असं नाव असलेलं चित्र मॅकवरून चढवलं तर लिनक्स सर्व्हरवर ४०४ येतं. नाव अक्षरशः सारखं दिसतं.

---

अनुस्वार

ऱ हे एकच चिन्हही असतं आणि र अधिक नुक्ता असं दोन चिन्हांनीही लिहिता येतं. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली नाव सोडवून दोन चिन्हांत साठवायची. लिनक्सला दोन्ही नावं वेगळी. चढवताना नाव एनएफसी (जोडून एकच चिन्ह करणाऱ्या) रूपात आणून मग जतन करा. तुमच्या शोधपेटीलाही तेच लावा, नाहीतर 'दुसऱ्या' शोधल्यावर निम्मे लेख सापडत नाहीत.

---

टिपकागद (धागाकर्ता)

मेल मिळाले! सूचनांच्या मेलमध्ये नवे प्रतिसाद पूर्ण मराठीत आहेत, ते तारखेनुसार परत घालतोय. हलवण्याआधीचा डंपही आला, त्यात नल आलेले सगळे लेख आहेत. उतारे ग्राफीम_सबस्टरने नीट कापले जातायत.

आता रोजची प्रत काढताना काय काळजी घ्यायची? परत असं व्हायला नको.

---

अनुस्वार

डंपला डीफॉल्ट कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ स्पष्ट लिहा, मूळ मूल्यावर सोडू नका. साधं यूटीएफ८ नको, मायएसक्यूएलमध्ये त्याचा अर्थ तीन बाइटपुरतं. देवनागरी त्यात मावते, पण एखाद्या प्रतिसादात इमोजी असला की तो मावत नाही आणि डंपमध्ये त्याच्या जागी प्रश्नचिन्ह येतं.

एक चाचणी ओळ कायम ठेवा. तिच्यात जोडाक्षर, ह्रस्व उकार, दीर्घ वेलांटी, ठ, झ, ऱ आणि एक इमोजी असू द्या. प्रत काढली की ती दुसऱ्या रिकाम्या डेटाबेसमध्ये भरून त्या ओळीचं हेक्स मूळ हेक्सशी जुळतं का ते स्क्रिप्टनेच तपासा. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून) चालवत असाल तर स्क्रिप्टच्या सुरुवातीला लँग सी.यूटीएफ-८ करा, क्रॉन तुमची नेहमीची भाषामांडणी घेत नाही.

---

पानगळ

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझ्या मित्राच्या साइटवरची हेक्स आत्ताच बघायला सांगतो.